बाबांच्या कवितेवरचा पियानो

४ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली फीत लावली आणि दुसऱ्या कडव्यालाच बंद केली. बाबांच्या आवाजाची एकच टेप उरलेली, विश्वासाने तुझ्या हवाली केली, आणि तू तिच्यावर पियानो सांडून ठेवलास? सूर सुरू होतो आणि ओल येते तसा नुसता पसरत राहतो. तू म्हणतोस, हे छायाप्रकाशाचं संगीत. असेल हो! मला वाटलं, कुणीतरी पियानो पुसतंय. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्यांच्या खणखणीत कवितेला ही दुलई कशाला? १७ तारखेच्या रविवारी सभागृहात बाबांच्या आवाजासोबत तू बसून हेच वाजवणार असलास, तर मी येणार नाही.

रागावले तरी तुझीच,
ताई

९ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

शाळेत मुलींची कवायत घेण्यात तुझा जन्म गेला, तुझ्या कानांना डाव्या-उजव्या पायाखेरीज काय कळणार? त्या टेपवर मी पंधरा दिवस राबलोय. खरखर काढली, बाबांचा खोकला काढला. तिसऱ्या कडव्यात ते अडकतात आणि मागून कुणी बाई कुजबुजते, तेही पुसलं. तिथे आता माझे तीन सूर आहेत, आणि ज्या समीक्षकांना फीत आधी ऐकवली, त्यांना नेमकी तीच जागा आवडली. मूळ टेपचे तुकडे पडत होते, टाकून दिली. रुसवा पुरे, रविवारी ये.

माया आटू देऊ नकोस.
धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

फीत आज शेवटपर्यंत ऐकली. अरे, ती बाई म्हणजे आई. ती गेली तेव्हा तू सहा महिन्यांचा, तुला तिचा आवाज कुठून ठाऊक असणार? ऐकलास की ओळखशील, अशा भ्रमात मी राहिले आणि सांगितलं नाही. या मूर्खपणात निम्मी मीही आहे. बाबा ती ओळ विसरले नव्हते रे. आईला माइकसमोर बोलायची लाज वाटायची, म्हणून ते मुद्दाम अडकले आणि तिने पटकन चार शब्द सुचवले. तिचा आवाज तेवढाच उरला होता. समीक्षकांच्या त्या आवडत्या जागी तू आईला गप्प केलंयस.

तुझ्या संगीताबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. तरी रविवारी येते. तिसऱ्या कडव्याला पियानोवरचे हात उचल आणि गुपचूप बस. माझा आवाज तिच्यावर गेलाय, असं बाबा म्हणायचे. ते चार शब्द मी खुर्चीतून म्हणेन. मग बाबांना पुढची ओळ म्हणू दे.

तुझी,
ताई