बोंड्याची आंघोळ

प्रिय अक्का,

तुम्हांला जाऊन दीड महिना झाला, आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्हांला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे हो! लिहून झालं की चुलीपुढे बसून मोठ्यानं वाचून दाखवीन. ऐकाल ना? नाही ऐकून सांगता कुणाला!

निमित्त तुमच्या सूनबाईचं, शांताचं. तुमच्या सुतकाच्या दिवसांत घर गप्प गप्प होतं, तेव्हा मी तिला आपल्या बोंड्या सशाची गोष्ट सांगितली होती. ती सावद्याला माहेरी गेली आणि काल परत आली ती टोपलीत सशाचं पिल्लू घेऊन. तिच्या मामाकडची मादी मेली म्हणे, तिच्या पिल्लांतलं हे एकच जगलं. मुठीएवढं, पांढरं, डोळे नुकते उघडलेले. मी बघतच राहिले. बोंड्याच परत आला की काय!

तुम्हांला आठवतं, मी त्याला कशी घेऊन आले होते? लग्नाला वर्षही झालं नव्हतं माझ्या. पंधरा वर्षांची पोर मी. बोदवडला स्टेशनमास्तरांच्या बाईंनी ससे पाळले होते. मादी कुत्र्यानं नेली, आणि मागे राहिलेलं हे पिल्लू त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवलं. कापूस वेचणीचे दिवस, माहेरी कुणाला श्वास घ्यायला वेळ नाही, मग त्याला दूध कोण पाजणार? आणि इकडून तर निरोप आलेला, की लगेच या.

आले घेऊन! भुसावळ झालं, चाळीसगावला गाडी बदलली, धुळ्याहून बैलगाडीनं सोनगीर. टोपली मांडीवरून खाली ठेवली नाही. मास्तरीणबाईंनी बजावलेलं सारखं मनात घोकत होते. दूध बकरीचंच, तेही कोमट. कापसाच्या वातीनं थेंब थेंब, आणि पिल्लू उताणं धरायचं नाही, नाहीतर दूध छातीत जातं. पाजून झालं की ओल्या फडक्यानं पोटाखाली पुसायचं, जशी त्याची आई चाटते तसं, त्याशिवाय त्याला लघवी होत नाही. उबेला कापूस द्यायचा, पण वर फडकं घालून, म्हणजे तंतूंत पाय अडकत नाहीत. आणि काही झालं तरी आंघोळ घालायची नाही.

दारातच तुम्ही टोपली उघडून बघितलीत. "हाई काय आनं वं? उंदीर शे का काय?"

मला रडू आलं. तुमच्या भाषेतलं ते 'शे' तेव्हा कानाला परकं वाटायचं, आणि थोरली जाऊ म्हणून तुमचा तर मला धाकच होता. त्या घरात माझं म्हणावं असं ते एक पिल्लू होतं अक्का. ते मेलं असतं तर मी कुणाशी बोलले असते?

पण तुम्हांला कुठलंही लेकरू दिसलं की तुमचे हात शिवशिवायचे. दोन दिवस तुम्ही लांबून बघितलंत. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाणेवर हळकुंड आणि वेखंड उगाळून घुटी केलीत, तिळाचं तेल कोमट केलंत आणि न्हाणीतल्या दगडावर पाय पसरून बसलात. "आन ते इकडे. गल्लीना बठ्ठा पोरेसले मीच आंघोय घालेल शे."

खरंच होतं ते. गल्लीतलं प्रत्येक बाळ तुमच्या पायांवर न्हालं होतं, आणि आंघोळ, शेक, धुरी झाली की गाढ झोपायचं. तुमच्या हाताला यश होतं, सगळे म्हणायचे. मग सशाच्या बाळाला वेगळं काय लागणार?

मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं! तरी मी बोंड्या तुमच्या हातात दिला. नवी सून थोरल्या जावेला 'नाही' कशी म्हणणार? पदर दातात धरून मी बाजूला उभी राहिले. तुम्ही त्याला पायांवर आडवा घेतलात, तेल चोळलंत, घुटीचं बोट तोंडात घातलंत आणि वरून पाण्याचा तांब्या ओतलात. पौषातली सकाळ ती. किल्ल्याकडून गार वारा सुटलेला.

बोंड्या आधी थरथरला. मग थरथरणंही थांबलं. तुमच्या पायांवर तो भिजल्या बोळ्यासारखा पडला होता, मान एका बाजूला.

तुमचा चेहरा तेव्हा मी पाहिला. इतकी बाळं न्हाऊ घालणारी बाई, आणि तुमचे हात हवेतच राहिले होते.

मग मी ओरडले. "अक्का, द्या तो इकडे!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी त्याला ओढूनच घेतलं, पिंजलेल्या कापसानं खसाखसा पुसलं आणि चुलीपाशी धावले. तुम्ही मागून आलात. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही मात्र त्याला माझ्या हातून घेतलंत, चोळीत आपल्या छातीशी ठेवलंत, वरून पदर घट्ट लपेटलात आणि चुलीला पाठ लावून बसलात.

दुपार झाली. थोरले भाऊजी शेतातून येऊन पाटावर बसले. तुम्ही उठला नाहीत! त्या घरात असं कधी झालं होतं का? "आज धाकली वाढी," एवढंच म्हणालात. मी वाढलं, पण माझं सगळं लक्ष तुमच्या पदराकडे. भाऊजींनी दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. तुम्ही त्यांना सांगितलंत, "काही नही, जेवा."

ऊन कलायला लागलं तेव्हा तुम्ही एकदम दचकलात आणि हसलात. "चाटस वं!"

मी वात भिजवून आणली. तुम्ही त्याला उभा धरलात, मी थेंब ओठाशी लावला. त्यानं तो ओढून घेतला. मग दुसरा. मी रडत होते आणि हसतही होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुले माहीत व्हतं ना?"

मी मान हलवली.

"मंग काबरं नही सांगं?"

अक्का, चूक तुमची, आणि जाब मला! मनातून इतकी चिडले होते मी! तेच माझं आजचं भांडण. तुम्ही विचारलंत कधी, की गोदे, तुला काही ठाऊक आहे का? एकदा तरी विचारायचं होतंत. पण त्या दिवसापासून मी त्या घरात बोलायला लागले, आणि तुम्ही ऐकायला लागलात, हेही खरं. पुढे तर भाऊजी म्हणायचे, हिला गप्प बसवायचं औषध कुणाकडे आहे का?

बोंड्या पुढे चांगला दांडगा झाला. तुमच्या मेथीच्या वाफ्याचा त्यानं फडशा पाडला तेव्हा तुम्ही त्याच्यामागे लाटणं घेऊन धावलात, आणि संध्याकाळी कोवळी मेथी स्वतःच तोडून त्याला घातलीत. उन्हाळ्यात फुटका माठ आडवा ठेवून वर ओलं गोणपाट कोण टाकायचं? मी नाही. तुम्हीच!

आणि मग इतक्या वर्षांनी, यंदा, तुम्ही अंथरुणाला खिळलात. घोट गिळता येईना. सगळे म्हणाले, आंघोळ घालू, बरं वाटेल. मी म्हटलं, थंडी आहे, कुणी पाणी लावायचं नाही. पाठीमागे उशी देऊन तुम्हांला उठतं धरलं आणि कापसाची वात दुधात बुडवून ओठाशी लावली. गिळलंत की पुढचा थेंब. तुम्ही डोळे उघडून बघितलंत. आवाज नव्हता, तरी मला कळलं. "मी काय ससा शे का वं?"

केवढं हसलो आपण दोघी! त्या हसण्यावर मी हा दीड महिना काढला आहे.

आता आजचं. सकाळी मी मोठ्या तोऱ्यात वाटीभर दूध आणलं, पिल्लू मांडीवर घेतलं आणि वात बुडवली. शांता दाराशी उभी होती, पदर दातात धरून. तो चेहरा मी ओळखला, अक्का. मी वात खाली ठेवली आणि विचारलं, "काय गं, काय सांगायचंय?"

ती म्हणाली, "काकी, दूध फार कढत आहे."

मी बोट बुडवलं. चटका बसला!

दूध निवेपर्यंत आम्ही दोघी गप्पा मारत बसलो. नंतर पिल्लानं आठ थेंब घेतले आणि झोपून गेलं. शांता त्याचं नाव ठेवणार आहे, मी मध्ये पडणार नाही.

तुम्हांला शब्द देते. या घरात जी जी पोर सून होऊन येईल, तिला मी आधी विचारीन. 'का नाही सांगितलंस' असं म्हणायची पाळी कुणावर येऊ देणार नाही.

तुमची धाकटी,
गोदा