फीत कापेपर्यंत पाणी बंद

२६ एप्रिल १९९८, सकाळी सहा
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद आपली आपणच ठेवावी, दुसरे चुकीची ठेवतात. ठराव : बसस्टँडच्या रस्त्यावर, माझ्या कूलर दुरुस्तीच्या दुकानासमोर, पाणपोई. चंद्रपुरात कोण नाही? मराठी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, गोंड, आम्ही मुसलमान. कोळशाने सगळ्यांना बोलावले आणि उन्हाने सगळ्यांना सारखे काळे केले. पण सगळ्यांनी मिळून अभिमान बाळगावा अशी एक जागा नाही. आहेत त्या पाणपोया म्हणजे कुठेही टेकवलेले माठ. माझी शास्त्रशुद्ध असेल.

२९ एप्रिल
समितीची बैठक. समिती म्हणजे मी (अध्यक्ष व सचिव), पानठेल्याचे गुणवंतराव आणि पंक्चरवाला राजन्ना. गुणवंतराव म्हणाले, मुश्ताकभाऊ, चार माठ मांडा न् पाणी भरा, त्याले बैठक कायले पाह्यजे? मी शांतपणे स्टँडच्या उंचीचा मुद्दा मांडला. बत्तीस इंच. लेकराचा हात पोचावा, कुत्र्याचे तोंड पोचू नये. राजन्ना म्हणाला, आमच्या गल्लीतलं कुत्रं उंच हाय. सूचना स्वीकारली. तेहतीस.

३ मे
फलक पूर्ण. पाच भाषांत नियम. मी सातवी पास, पण भाषा सगळ्या पेपर आणि दुकानांच्या पाट्या वाचून स्वतः शिकलो. तेलुगू मजकूर राजन्नाने वाचला आणि तो बराच वेळ हसला. कारण सांगितले नाही. आनंद झाला असावा.
जाहिदा म्हणते, फलक झाला, माठ कुठी आहेत? बायकोला टप्पे समजत नाहीत.

७ मे
माठ आले. ओल्या पोत्यात गुंडाळले, वर बांबूच्या तट्ट्यांचा मांडव, बाजूला खसची ताटी. पाणी भरले. उद्या चार वाजता उद्घाटन. प्रमुख पाहुणे सूरजबाबू, कोळशाचे मोठे ठेकेदार. फितीच्या रंगावर दुपार गेली. हिरवी नको, भगवी नको, निळी नको, लोक अर्थ काढतात. पांढरी मयताची वाटते. शेवटी जांभळी. जांभळा कोणाचाच नाही.

८ मे
सूरजबाबू आले नाहीत. नागपूरला गेले. परवा नक्की, असे त्यांचा माणूस म्हणाला. मोठ्या माणसाला कामे असतात.
गुणवंतराव म्हणाले, तोवर लोकाईले पिऊ द्या ना. मी म्हणालो, उद्घाटनाआधी प्यायलेली पाणपोई ही उष्टी पाणपोई. पाहुण्यासमोर उष्टे ठेवायचे? त्यांनी पानाला चुना लावला. पटले.

१० मे
परवा झाला. पाहुणे नाहीत. आता १२ तारीख.
पेपरात पारा ४६.५. फितीजवळ खुर्ची टाकून राखण करतो आहे. कूलरचा सीझन आहे, गिऱ्हाईक परत जाते, पण शहरासाठी एवढे करायलाच हवे. आज परत पाठवले : एक कंडक्टर, कॉलेजच्या दोन मुली, एक सरदारजी, एक साधू, आमच्या मशिदीतले चाचा. सर्वांना एकच उत्तर, एकाच आवाजात. कोणाची जात पाहिली नाही, धर्म पाहिला नाही. यालाच समभाव म्हणतात.
जाहिदाने जेवताना विचारले, मोहरमात पाणी पाजतात त्या सबीलीले कोणी फीत बांधलेली पाह्यली काय तुम्ही? मी म्हणालो, तो सवाबचा, पुण्याचा विषय, हा नागरी कार्यक्रम. ती म्हणाली, तहानेले फरक समजत असंन काय? पोळी वाढली नाही. उठून स्वतः घेतली.

१२ मे, दुपारी दोन
एक किरकोळ प्रसंग. लिहिण्यासारखा नाही, पण नोंद पूर्ण हवी.
ब्रह्मपुरीच्या बसमधून एक म्हातारा आणि त्याची बाई उतरली. बाई म्हणाली, दवाखान्यात चाललो जी, याईले चक्कर येऊन राह्यली, गिलासभर पाणी द्या. मी नम्रपणे सांगितले, चार वाजता उद्घाटन आहे, नंतर पहिला नंबर तुमचा. ती म्हणाली, चार वाजेपर्यंत हे टिकले पाह्यजेत ना जी. मी फलकाकडे बोट दाखवले. तिला वाचता येत नव्हते. पाच भाषा दिल्यावर आणखी काय द्यायचे?
म्हातारा फीत धरून उभा होता. फीत सैल होत होती. मी त्याचा हात काढला. हळूच काढला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
म्हातारबुवा राजन्नाच्या दुकानासमोर पडले. राजन्नाने पंक्चर तपासायच्या टाकीतले पाणी त्यांच्या डोक्यावर ओतले. गुणवंतराव ठेला उघडा टाकून धावले. आरडाओरडा ऐकून जाहिदा दुकानामागच्या घरातून भाजीची सुरी घेऊनच बाहेर आली. फीत कापली, माठ कमरेवर घेतला आणि पळत गेली. टाळ्या नाहीत.
मीही खुर्चीवरून उठलो होतो, हे इथे नोंदवतो. म्हाताऱ्याला घेऊन ऑटो दवाखान्याकडे गेल्यावर मी फीत उचलली, घडी घातली.
सूरजबाबू आजही आले नाहीत.

१३ मे
म्हाताऱ्याचे नाव सोमाजी, बाईचे गुणाबाई. शुद्धीवर आहेत, सलाईन सुरू आहे. जाहिदा डबा देऊन आली. मी विचारले, माझ्याविषयी काही म्हणाले काय? ती म्हणाली, त्याईले तुमचं नाव कुठी माहीत? बाई म्हणते, तो खुर्चीवाला.
विचार केला. ऊन माझ्या हातात नव्हते. पाहुण्यांनी तारीख पाळली असती तर हे झाले नसते. बाईने आजाराची कल्पना नीट दिली नाही. नाही, दिली होती. वर माझ्याच अक्षरात आहे.
हात मीच काढला.

१४ मे
सूरजबाबूंचा माणूस आला. उद्या साहेब मोकळे आहेत. मी म्हणालो, उद्घाटन झाले. कोणाच्या हातून, त्याने विचारले. मी पेला विसळायला घेतला. गुणवंतराव ठेल्यावरून ओरडले, वहिनीच्या! शहरभर ऐकू गेले असेल.

१६ मे
दवाखान्यात दोनदा गेलो. दोन्ही वेळा फाटकापासून परत. एकदा केळी होती, ती राजन्नाला दिली.
पाणपोई सुरू आहे. खुर्ची दुकानात नेली. आता उभा राहून पाणी देतो, जो येईल त्याला.
दुपारी सोमाजी आणि गुणाबाई समोरून आले. सुट्टी झाली होती, गावी निघाले होते. सोमाजी तिच्या खांद्याला धरून चालत होते. मी पेला काठोकाठ भरला, पुढे गेलो, दोन्ही हातांनी धरला. माफीचे वाक्य रात्रीच पाठ केले होते. आले नाही. एवढेच म्हणालो, घ्या ना बाई.
तिने माझ्या तोंडाकडे पाहिले. रागावली नाही. म्हणाली, राहू द्या जी, आमाले बसमध्ये भेटते. आणि सोमाजींना सांभाळत उन्हातून पुढे गेली.
बसमध्ये पाणी नसते. ते तिला माहीत होते. मलाही.
मागचा कोणीतरी म्हणाला, भाऊ, मी घेऊ काय? त्याने हातातून पेला घेतला, घटाघट प्यायला. म्हणाला, एकदम फ्रिजसारखं थंड हाय बापा.
मी दुसरीकडे पाहिले.