मी विमानात, तू टेबलावर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण पोटाला पट्टा बांधलाय आणि तो सोडू नका असं दोनदा बजावलंय, तेव्हा बसल्या बसल्या मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत, भाचीचा खोकला गेला का, जावईबापू अजून तसेच घोरतात का, हे सगळं रीतीप्रमाणे विचारतो. डोळ्यांचं विचारत नाही, कारण मी आज इथे बसलोय तो त्या डोळ्यांपायीच. इथे म्हणजे विमानात, खिडकीशी, ढगांच्या वर. अक्षर वाकडंतिकडं आलं तर तो माझा दोष नव्हे, रस्ता खराब आहे. (रस्ता नाहीच, हेच तर माझं म्हणणं आहे.)

आधी भांडण उरकतो. डॉक्टरांनी तुला स्वच्छ सांगितलं की मोतीबिंदू पिकून दगड झालाय, या महिन्यात काढला नाही तर पुढचं काही सांगता येत नाही. भाचीने रडत फोन केला. मी तुला भित्री भागूबाई म्हटलं, हे कबूल. पण धाकट्या भावाने थट्टा केली तर थोरल्या बहिणीने चार शिव्या हासडाव्यात आणि विषय मिटवावा. तू काय म्हणालीस? "तू विमानात बसून ये, दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशनच्या टेबलावर झोपते. आगगाडीने आलास तर मोजणार नाही." ताई, हा शुद्ध कावा होता. पोराच्या लग्नाला सगळं वऱ्हाड विमानाने गेलं आणि जो एकटा दोन दिवस आगगाडीत हाडं खिळखिळी करत फोटो काढून झाल्यावर पोचला (फोटोत माझ्या जागी व्याह्यांचा भाऊ हसतोय), तो मेला तरी विमानात बसणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे माझ्या भित्रेपणाच्या आडोशाला तू तुझा भित्रेपणा लपवलास. लहानपणी अंधारात मला पुढे घालायचीस, तसंच.

बरं, येतो म्हणून बसलो, तर घरच्यांनी उपदेशाचा पाऊस पाडला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, विमानापेक्षा घरात पाय घसरून जास्त माणसं जातात." यामुळे विमानाची भीती तसूभर कमी झाली नाही, पण गेले आठ दिवस मी न्हाणीघरात भिंत धरून जातोय. सूनबाईंनी श्वास शिकवला. चार मोजेपर्यंत घ्यायचा, चार धरायचा, चार सोडायचा. मी धरला आणि सोडायचं कधी ते विसरलो. औषधाच्या दुकानदाराने एक गोळी दिली, ती घेऊन मी आदल्या दिवशी दुपारीच गाढ झोपलो आणि आज ठार जागा आहे.

विमानतळावर माझा स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. तोच, बोटाएवढा, लाल मुठीचा. शिलाई मशीन दुरुस्त करायला लागल्यापासून तो या खिशात आहे, आजारपणातसुद्धा उशाशी होता. तपासणीवाल्या बाई म्हणाल्या, "आजोबा, हे आत नेता येणार नाही." मी म्हटलं, "अहो, वाटेत काही ढिलं झालं तर?" त्या म्हणाल्या, "आमची माणसं आहेत." कुठे आहेत? मी अख्खं विमान पाहिलं, एकाच्याही नखात काळं तेल नाही.

आता आमच्या धंद्याची एक साधी रीत आहे, तुलाही माहीत आहे. दुरुस्त केलेलं मशीन गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी चिंधी घालून चालवून बघायचं. तेव्हा मी हवाई सुंदरीला (वयाने माझ्या नातीएवढी) अगदी अदबीने विचारलं, "बाळ, सकाळी एकदा रिकामं फिरवून आणलंय ना?" तिने मला पाणी आणून दिलं. परत विचारलं, परत पाणी. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही, कारण तोवर दुसरीच निकड उभी राहिली आणि पट्टा सोडायची परवानगी नव्हती.

शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई बसल्यात. दर आठवड्याला दुसऱ्या गावच्या दवाखान्यात या विमानाने जातात. विमान सुटलं तेव्हा मी खुर्चीचा दांडा समजून जे घट्ट धरलं ते त्यांचं मनगट होतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, याच हाताने मला दुपारी दाढ काढायचीय." मी ओशाळलो. पण बाई माणसातल्या. म्हणाल्या, "आता खालून धाडकन आवाज येईल, चाकं आत जातील." आला. "आता इंजिनाचा आवाज कमी होईल, बंद पडलं म्हणून ओरडू नका." झाला. ओरडलो नाही. ताई, आवाज आधी सांगून आला की तो निम्मा होतो. हे मला चिरंजीवांनी नाही, सूनबाईंनी नाही, त्या गोळीवाल्याने तर नाहीच नाही, एका दात उपटणाऱ्या बाईने सांगावं?

मग हलायला लागलं. कप्तानाने कळवलं, "थोडं हलेल." थोडं? माझा चष्मा हनुवटीवर आला. आणि त्यात समोरच्या खुर्चीला लावलेलं घडीचं टेबल खडखडायला लागलं. त्याचा स्क्रू दोन आटे ढिला होता, मला आवाजावरूनच कळलं. स्क्रूड्रायव्हर नाही. चहाच्या चमच्याचं टोक घातलं आणि आवळला. हवाई सुंदरी धावत आली. "काका, विमान दुरुस्त करू नका." पण टेबल गप्प झालं होतं आणि त्या दोन मिनिटांत आपण कुठे आहोत हे मी साफ विसरलो होतो. त्याच टेबलावर हा कागद ठेवून लिहितोय. सबंध विमानात हात लावून पाहिलेली ही एकच वस्तू, म्हणून माझा तिच्यावर विश्वास आहे.

तेव्हा मी येतोय. उद्या तू टेबलावर. मी डॉक्टरांचे पाय धरीन, पण काय काय होणार ते तुला आधी सांगायला लावीन. आता थेंब गार लागतील, आता दिवा डोळ्यावर येईल, आता खटकन वाजेल. आणि हात मात्र माझा धर, डॉक्टरांचा धरू नकोस. त्यांना काम असतं.

मोठ्यांना नमस्कार म्हणणार होतो, पण आता तुझ्याहून मोठं उरलंय कोण?

तुझा,
(हवेतला) धाकटा

ता. क. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चाकं बाहेर येतील. आली. मोजली नाहीत.

ता. क. परतीचं तिकीट चार दिवसांनी आहे, तेही विमानाचंच, चिरंजीवांचा आगाऊपणा. तू त्यांना फोन करून सांग की मला करमत नाही, याला महिनाभर राहू दे. माझं नाव येता कामा नये.

ता. क. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, हात धरायचं तेवढं तोंडी सांगेन. पाकीट चिकटवून तुझ्या उशीखाली ठेवणार, आणि भाचीने वाचून दाखवायचं नाही अशी तिला ताकीद देणार. मी तुला काय काय बोललोय ते कळायला हवं असेल तर पट्टी सुटल्यावर स्वतःच वाच. इथवर आलीस ना? मग आता ऊठ आणि दोन कप चहा टाक. मी तिथेच बाहेरच्या खोलीत असेन. जाणार कसा?