दोन बोटं सैल

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

तुमच्या सुतळीचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग बरं का. वाकायची परवानगी मला मागच्याच आठवड्यात मिळाली. सर्जनने दीड महिन्याची बंदी घातली होती, ती तुमच्या भाचेजावयांनी सहा महिने चालवली. तेव्हा पहिलं वाकणं तुमच्यापुढेच, म्हणून हे पत्र.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? आणि तुमच्या काळ्या मशीनचं चाक अजून कुरकुरतं का, की त्याच्याशीही अबोला धरून त्याला गप्प केलंत? माझ्याशी धरलात त्याला या महिन्यात दोन वर्षं झाली. मी मोजत नव्हते, पण आमच्या घरात नवरा घड्याळं दुरुस्त करतो, वेळ आपोआपच मोजला जातो.

पत्र लिहायचं कारण आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पहिलं पान वाचून ते नमुन्याच्या कागदांत टाकाल. तुमच्या सत्काराचा जो कोट मी शिवला, तो तुम्ही पोस्टाने परत पाठवलात आणि खिशात चिठ्ठी घातलीत, "ही बोटं माझ्याकडे शिकलेली नाहीत." मामा, ते वाक्य परत घ्यावं. माझ्याकडे डॉक्टरांचे कागद आहेत, शिक्क्यासकट. निकाल माझ्या बाजूने लागलेला आहे.

आता सुरुवातीपासून. सोळाव्या वर्षी मी तुमच्या दुकानात आले तेव्हा इतकी बारीक होते की तुम्ही माझं नाव सुतळी ठेवलंत आणि पहिल्याच दिवशी माझ्या हातातली टेप काढून खिडकीबाहेर फेकलीत. (खाली उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या गळ्यात ती पडली, त्याला वाटलं कोणी सत्कार केला.) टेप ताणली जाते, बोट ताणलं जात नाही, हे तुमचं ब्रह्मवाक्य. लांबीला वीत, सैलपणाला बोट. गळ्यात दोन बोटं, कमरेला दोन, बाहीत चार. शिंपी संघात टेप न वापरणारे तुम्ही एकटे, आणि तुमच्यामागे मी. शेवटची गाठसुद्धा तुम्ही मारत नाही, तीन उलटे टाके आणि चौथा आडवा, तोही असा की उसवायला गेलं तर कापड फाटेल पण टाका सुटणार नाही. तो आडवा टाका मला कधी जमला नाही. बाकी सगळं जमलं. पंचवीस वर्षं माझ्या बोटांनी एक सदरा बिघडवला नाही.

मग लोक बारीक व्हायला लागले. म्हणजे मला तसं वाटलं. मुख्याध्यापिका बाईंचा झगा खांद्यावरून उतरला, तर रागवायच्या ऐवजी त्यांनी आरशापुढे तीन गिरक्या घेतल्या आणि उद्यापासून जिने चढायचे बंद म्हणून जाहीर केलं. बँकेतल्या कॅशियरची पँट घसरली, त्याने सगळ्या शाखेत केक वाटला. पोस्टमनच्या बायकोने मात्र नवऱ्याची सैल पँट बघून डोळ्यांत पाणी आणलं आणि त्याला महिनाभर दुप्पट जेवायला घातलं. परिणामी ती पँट त्याला पुढे इतकी चोख बसली की त्याने तशाच आणखी दोन शिवायला टाकल्या. माझ्या हाताला गुण आहे, माझ्याकडे शिवलं की माणूस वाळतो, अशी ख्याती पसरली आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरेना. मी आपली खुशीत. आंधळं दळतंय म्हणतात तशातली गत, फक्त इथे आंधळीला मान मिळत होता.

या दिवसांत माझ्या स्वतःच्या अंगात काय चाललं होतं ते कोणाच्याच ध्यानात येईना. अंगठी बोटात रुतली ती सोनाराने करवतीने कापली. (तो म्हणाला जेवण बेताने घ्या. मी म्हटलं तुम्ही अंगठ्या बेताने करा.) चपला पुरुषांच्या दुकानातून आणायची वेळ आली. आवाज असा बसला की फोनवर गिऱ्हाईक विचारी, साहेब, बाई आहेत का? मी म्हणे, बाहेर गेल्यात. घोरणं तर इतकं वाढलं की शेजाऱ्यांनी माझा पलंग भिंतीपासून हलवायची विनंती केली, तीही लेखी. आणि तुमचे भाचेजावई! दिवसभर डोळ्याला भिंग लावून गव्हाच्या दाण्याएवढी चाकं बघणारा माणूस. त्यांना केसाएवढा स्क्रू दिसतो, पण समोरची बायको दीडपट झालेली दिसत नाही. विचारलं तर म्हणाले, तू जवळ आली असशील.

अशात तुमच्या सत्काराचा कोट आला. मामा, मी तो जीव ओतून शिवला. गळ्यात दोन बोटं, बाहीत चार, पाठीची लांबी वितीने, सगळं तुम्ही शिकवलेलं. तुम्ही मंचावर चढलात आणि अध्यक्षांनी हात पुढे केला, तर तुमचा हात बाहेर येईचना. अध्यक्षांनी शेवटी नुसती बाही हलवली. इथे थोडं तिथे थोडं असं मिळून त्या कोटात आणखी एक शिंपी मावला असता. चारशे शिंपी हसले. मी तिसऱ्या रांगेत होते, मीही पाहिलं, पण मला वाटलं तुम्हीसुद्धा बारीक झालात. खरं सांगते, काळजीच वाटली. आठ दिवसांनी पार्सल आलं. ती चिठ्ठी वाचून मी मशीनवर डोकं ठेवून रडले, तर मशीनचा पाट ओलाच राहिला दोन दिवस.

या खटल्याचा उलगडा केला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी. त्या माझ्याकडे पांढरा डगला शिवायला टाकतात. तिसराही डगला सैल झाला तेव्हा त्या बाकीच्यांसारख्या हरखल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी रोज सकाळी वजन करते. गेली सहा वर्षं तेवढंच आहे. मी बारीक झालेली नाही. तुमचे हात बघू." मी हात पुढे केले. त्यांनी डगल्याकडे पाहिलंच नाही, माझ्या बोटांकडे पाहिलं, मग जबड्याकडे, मग दातांमधल्या फटींकडे, आणि मला तिथेच स्टुलावर बसवलं. सरळ माझ्या नाकाकडे बघा आणि बाजूने माझं बोट दिसलं की सांगा, म्हणाल्या. मी बसले वाट बघत. बराच वेळ झाला, म्हटलं सुरू करा की. तर त्यांची बोटं दोन्ही बाजूंनी माझ्या कानांजवळ केव्हाची नाचत होती. मला कडेचं दिसतच नव्हतं! आता कळलं मी दाराच्या चौकटीला धडकून माफी का मागत होते.

पुढचं थोडक्यात सांगते. (तुम्हाला थोडक्यात आवडतं, मला जमत नाही.) मेंदूच्या खाली, नाकाच्या बरोब्बर मागे, मटारच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी म्हणून. अख्ख्या शरीराची मुकादम. माझ्या मुकादमावर एक गाठ बसली होती. कॅन्सर नव्हे, आधी घाम पुसा. पण ती गाठ वाढीचं हार्मोन असं सोडत होती की बेचाळिसाव्या वर्षी माझे हातपाय पुन्हा वाढायला लागले होते, आणि ती फुगून डोळ्यांच्या नसांवर रेलली होती. म्हणजे मामा, माझी दोन बोटं आता अडीच बोटं झाली होती! तुमचा नियम मी मोडला नाही, नियमच माझ्या हाडामांसावर फुगला. बोट ताणलं जात नाही म्हणता ना? माझी जाड झाली. निष्काळजीपणाचा आरोप इथे फेटाळला जातो.

गाठ डोक्यातली, पण काढतात नाकातून. हे ऐकून भाचेजावयांनी स्वतःचंच नाक धरलं, पण मग सर्जन म्हणाले की अवजारं हातभर लांब आणि काडीसारखी बारीक असतात, तेव्हा त्यांनी ती बघायला मागितली. मीही चौकशी केली. आत भोक पडेल ते बुजवणार कशाने? तर म्हणे पोटावरची थोडी चरबी काढून ठिगळ लावतो. हे मला फार पटलं. चांगला शिंपी ठिगळाचं कापड त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतूनच घेतो. मग मी विचारलं, टाका कोणता घालता? मामा, तो माणूस म्हणाला, गोंद. एवढा शिकलेला माणूस! मी झोपेचं औषध चढेपर्यंत त्याला समजावत होते असं म्हणतात. मी सिंहिणीसारखी गेले आत, कोणालाही विचारा.

त्या दिवशी बाहेर बाकावर फक्त भाचेजावई होते. तारीख मामीला फोनवर कळवली होती, तरी तुम्ही आला नाहीत याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही, गुडघ्याने एवढा प्रवास कसा करणार, आणि रागावलेल्या माणसाने यायचं तरी कशाला. हे आपलं सहज लिहिलं.

शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे, तोंड कोरडं. शिंकायचं नाही, शिंकलात तर तोंड उघडं ठेवून, वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. किती पाणी प्यायले आणि किती बाहेर गेलं हे मोजायचं काम भाचेजावयांकडे आलं आणि त्यांच्या आयुष्याचं सार्थक झालं. सात वाजून तेरा मिनिटं, अडीचशे. नर्सा आपली वही सोडून त्यांची वही बघायच्या. पण खरी गोष्ट दुसऱ्या सकाळची. मी समोर छताकडे बघत पडले होते आणि माझ्या डोळ्याच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी हललं. भाचेजावई स्टुलावर बसून शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. मान न वळवता दिसले मला! दोन वर्षांत पहिल्यांदा कडेचं दिसलं, आणि दिसलं ते हे. त्यांना वाटलं मी झोपलेय. मी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका.

गाठीचा एक चुकार तुकडा मोठ्या रक्तवाहिनीला बिलगून राहिलाय, त्यासाठी दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन. ती सुई! आपण तंबूचं कापड शिवतो तसली, आणि टोचतात ती बसायच्या जागी. नर्सबाई तिरकी घालायला लागल्या, मी म्हटलं सरळ घाला, सरळ काढा, मध्ये थांबू नका, थांबलं की भोक मोठं होतं. आता त्या मला आल्या आल्या "मास्तर" म्हणतात. परवा रक्ताचा रिपोर्ट आला आणि आकडा माणसात आला! घोरणं थांबलं, शांततेने भाचेजावयांची झोप उडाली. सूज उतरून बोटं थोडी उतरली. हाडं मात्र वाढली ती वाढली, ती काही परत कापता येत नाहीत, आणि आवाजही साहेबांचाच राहिला. राहू दे. उधारीवाल्या गिऱ्हाइकांना तो फार लवकर समजतो.

तर मामा, आरोपी निर्दोष. मामीला नमस्कार, मशीनला तेल, आणि तुम्हाला मी जिंकल्याचं कळवून पत्र संपवते.

तुमची आज्ञाधारक (एका टोकाला जरा जाड झालेली),
सुतळी

ता. क. एक कबुली. मी टेप वापरायला लागले. दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन घेऊन थोडी थोडी उतरणाऱ्या बोटांवर मी आता विश्वास ठेवू शकत नाही. पहिल्या दिवशी ती गळ्यात घालताना देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं वाटलं. तुमचा कोट मी उसवून पुन्हा शिवलाय. माप मामीने गुपचूप पाठवलेल्या तुमच्या जुन्या करड्या कोटावरून घेतलं, टेप लावून. ओरडायचं असेल तर प्रत्यक्ष येऊन ओरडा, पत्रात तुमचं ओरडणं खुलत नाही.

ता. क. दुसरी. टेप विकत घेतलेली नाही. घरी सोडताना दवाखान्यातल्या मावशींनी माझ्या सामानाबरोबर दिली. म्हणाल्या, तुमच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकाखाली पडली होती, तुम्ही शिंपीण ना, तुमचीच असणार. कापडी आहे, खूप जुनी. पहिले दहा आकडे हाताळून पुसलेत. टोकाची पत्र्याची पट्टी निघून पडली म्हणून कोणीतरी टोक दुमडून शिवलंय, तीन उलटे टाके आणि चौथा आडवा. उसवून बघितला, सुटत नाही. भाचेजावयांना विचारलं तर म्हणतात बाकावर कोणी नव्हतं, आणि त्यांचे कान लाल होतात. मामीला फोनवर सहज विचारलं. ती म्हणाली, हे सहा महिने सगळी कपाटं उपसतायत, काय हरवलंय ते सांगत नाहीत.

मी शुद्धीवर येईपर्यंत थांबला असतात तर काय बिघडलं असतं हो मामा?

टेप पोस्टाने पाठवणार नाही. ती न्यायला यावं लागेल. शिंपी संघाला एक शब्द कळणार नाही, माझा आवाज फोनवर कोणी ओळखतही नाही. कोट हँगरवर तयार आहे. आणि तो याच टेपने मापलाय, तेव्हा सैल झाला तर या वेळी माझ्या बोटांकडे बघायचं नाही.