चांदीची अख्खी बाई

ती. अक्कास, तंजावुराहून वासुकीचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. माझा थायरॉईडचा कॅन्सर किडनीत उतरला आहे, असे शुक्रवारी डॉक्टर म्हणाले. दुखत नाही. रडूही आले नाही.

तशीच मारियम्मनच्या देवळात गेले. गळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी देवीला नवसाचा चांदीच्या पत्र्याचा गळा वाहिला होता, म्हणून या खेपेस बाहेरच्या दुकानात तशीच किडनी मागितली. दुकानवाली म्हणाली, "डोळे आहेत, हात आहेत. किडनी कुठली, अम्मा? अख्खी बाईच घ्या, त्यात सगळं आलं."

घेतली. आईच्या गुडघ्यांसाठी पायही घेतले. पाय देवीच्या हुंडीच्या पेटीत टाकले. बाई टाकायला मात्र मूठ उघडेना. घरी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे.

आई जिना चढते का आता? तिला फक्त पायांचे सांग.

तुझी धाकटी,
वासुकी