वॉरंट चालू आहे

प्रिय क्लेटन,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. तरी लिहिते.

तू कोर्टाच्या तारखेला गेला नाहीस आणि जज्जनं तुझ्या नावानं वॉरंट काढलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर मंगळवारी मी काउंटी कोर्टात जाते. तिथल्या कॉम्प्युटरवर कुणीही कुणाचीही केस शोधू शकतं. आडनाव प्रूइट, मग जन्मतारीख. ती मला आठवावी लागत नाही, मीच तर तिथे होते! मग खाली यायचं, 'वॉरंट चालू'. म्हणजे माझा पोरगा कुठंतरी जिवंत आहे. इतर आया असलं वाचून रडतात. मी घरी येऊन मक्याचा पाव भाजायचे.

कोर्टाच्या खिडकीतली कारकून डार्लीन म्हणायची, "ओपल, अगं फोनवरही दिसतं हे. कशाला गाडी हाकत येतेस?"

"तुझं थोबाड बघायला," मी म्हणायचे.

आज तिथं लिहिलं होतं, 'वॉरंट रद्द. केस बंद.'

"का गं?" मी विचारलं.

"का रद्द झालं ते कागदी फाइलमध्ये असतं. कधी जज्जच रद्द करतात, कधी माणूसच..." डार्लीन मध्येच थांबली. तिनं एक फॉर्म पुढं सरकवला. "हा भर, लगेच फाइल काढून देते."

चष्मा घरी राहिला, असं मी सांगितलं. चष्मा माझ्या नाकावरच होता. तिनं फॉर्मची घडी करून माझ्या पर्समध्ये सरकवला.

फॉर्म इथं टेबलावर कोराच पडलाय. मी तो भरत नाही तोवर तू फरारच आहेस, बाळा. पळत राहा.

तुझी,
आई