सायकलीमुळे गैरहजेरी

१ जुलै २०२५
आजपासून रोज लिहायचं. पुढे आत्मचरित्राला उपयोगी.
कोळवण खोऱ्यातल्या शाळकरी मुलींना एक संस्था सायकली देते. अटी दोन: साठ टक्के मार्क आणि घरापासून शाळा तीन किलोमीटर लांब. सायकलीने हजेरी वाढते का, हे आमच्या ऑफिसने सांगायचंय. म्हणजे मीच.

३ जुलै
टीमला समजावलं. दोन्ही अटींच्या जरा अलीकडच्या आणि जरा पलीकडच्या मुली सारख्याच. फरक फक्त सायकलीचा. अटी दोन, म्हणून मल्टिडायमेन्शनल रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी. माना डोलावल्या. कळलं कुणालाच नाही.
ज्युनियर दिशा म्हणाली, एकदा शाळेत जाऊन येऊ या. हसलो. आकडे असताना चिखल कशाला तुडवायचा?

९ जुलै, सकाळी ११
रिझल्ट! सायकलवाल्या मुलींची हजेरी बारा टक्क्यांनी कमी. कारणही शोधलं: सायकल मिळाली की पोरी भटकतात. शिफारस: योजना बंद करा.
घरमालक बापूसाहेबांना सांगितलं. म्हणाले, "सायकल मिळाल्यावर कुनी शाळा बुडवतंय व्हय?" माण गावात खोल्या भाड्याने देणारा माणूस. स्टॅटिस्टिक्स काय कळणार!

११ जुलै
दिशाने आलेख काढला. ५८, ५९ टक्क्यांवर एकही मुलगी नाही. बरोब्बर ६० वर एकतीस. मी म्हटलं, जिद्द! ती मला न विचारता एसटीने कोळवणला गेली. तिची रजा लावणार.

१४ जुलै
वर्गशिक्षिका शारदाबाईंनी तिला सरळ सांगितलं म्हणे, "शाळा सोडाय निघालेल्या पोरींनाच मी मार्क वाढवून साठावर ढकललं. सायकल हाय म्हणून चार दिवस तरी येत्यात. न्हाईतर कवाच घरी बसल्या असत्या."
म्हणजे सीमेवरच्या मुली सारख्या नाहीतच, असं दिशाचं म्हणणं. हा बाईंचा दोष, पद्धतीचा नाही. आलेख रिपोर्टच्या पान ४७ वर टाकला. तिथवर कोण जातंय.

१८ जुलै
संस्थेचे हैबतराव वाचायला शेवटून सुरुवात करतात. विचित्र माणूस. "साठावर एवढी गर्दी कसली?" मी पाणी प्यायलो. दिशा पाच मिनिटं बोलली. सोपं सोपं बोलते, त्यामुळे लोकांना पटतं.

४ ऑगस्ट
योजना चालूच. सायकली दुप्पट. रिपोर्ट छापून आला, लेखिका दिशा. माझं नाव आभारात, ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर भिवाजी यांच्या खाली. अक्षरक्रमाने लावली असणार.
मोजून पाहिलं. माझ्या नावाचा 'द' भिवाजीच्या 'भ'च्या आधी येतो.